साठ हजारांची पुडी आणि सात दिवसांचा ताप

सर्दी-पडसे, फ्लू किंवा कोविड यांसारख्या आजारात ड जीवनसत्त्वाची पुडी घेतली की माणूस लवकर उठून बसतो, ही समजूत आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत क जीवनसत्त्व, जस्त आणि ड जीवनसत्त्व हे त्रिकूट घरोघरी पोहोचले. साथ ओसरली, पण पुडी मात्र कपाटात राहिली. घरात कोणाला खोकला झाला की ती बाहेर येते. पालक शिक्षकांना विचारतात, 'सर, मुलाला साठ हजारांची गोळी देऊ का?' छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात असो की सिल्लोड-वैजापूरच्या एखाद्या गावात, शिक्षकाच्या शब्दाला आजही वजन आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर देऊन चालणार नाही. ज्या पुराव्यावर ही समजूत उभी आहे तो पुरावा तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समजूत आली कोठून?

ड जीवनसत्त्वाचे मूळ काम हाडांचे. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जावे यासाठी ते लागते. ते कमी पडले की मुलांना मुडदूस होतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत मुडदुसावर कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि सूर्यप्रकाश हे दोन्ही उपाय लागू पडतात हे सिद्ध झाले. या इतिहासात आपलाही एक धागा आहे. १९२२ साली हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी मुंबई इलाख्यातील पाहणीवरून दाखवले, की घराबाहेर न पडणाऱ्या, पडद्यात राहणाऱ्या खात्यापित्या कुटुंबांत मुडदूस आढळतो. उन्हात राबणाऱ्यांची मुले मात्र, अन्न बेताचे असूनही, त्यातून सुटतात.

मग हाडांच्या जीवनसत्त्वाचा संबंध सर्दी-तापाशी कसा जोडला गेला? त्याला आधार आहे. आपल्या संरक्षक पेशींमध्ये ड जीवनसत्त्वाला ओळखणारे ग्राहक रेणू असतात. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की ड जीवनसत्त्व पुरेसे असेल तर या पेशी कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन अधिक तयार करतात. दुसरा आधार निरीक्षणांचा. कोविडच्या काळात अनेक रुग्णालयांना असे आढळले, की जे रुग्ण अत्यवस्थ होते त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते.

हे दोन्ही आधार खरे आहेत. पण त्यांतून 'पुडी घेतली तर आजार लवकर बरा होईल' हा निष्कर्ष निघतो का? परीक्षानळीतल्या पेशीने जे केले तेच तापाने फणफणलेल्या माणसाच्या शरीरात घडेल असे नाही. आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वृद्ध, स्थूल, मधुमेही आणि महिनोन्‌महिने घरात पडून असलेली माणसे कोविडमध्ये अधिक गंभीर झाली. याच माणसांच्या रक्तात ड जीवनसत्त्व एरवीही कमी असते. शिवाय शरीरात दाह सुरू झाला की रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी खाली येते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच ती लक्षणीय घटते असे आढळले आहे. म्हणजे कमतरतेमुळे आजार बळावला, की आजार बळावल्यामुळे कमतरता दिसली, हे नुसत्या निरीक्षणातून ठरवता येत नाही.

चंडीगडचा प्रयोग

यासाठी प्रयोगच करावा लागतो. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण निर्गुण द्रव्य, म्हणजे प्लासिबो द्यायचे आणि काय होते ते मोजायचे. भारतात असा एक प्रयोग चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत झाला. 'शेड' या नावाने तो ओळखला जातो. २०२० च्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला.

लक्षणे नसलेले किंवा सौम्य लक्षणे असलेले ४० कोविडबाधित त्यात होते. सर्वांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते. १६ जणांना रोज ६०,००० युनिट असे सात दिवस देण्यात आले, २४ जणांना प्लासिबो. एकविसाव्या दिवसाच्या आत पहिल्या गटातील १० जणांची, म्हणजे ६२.५ टक्के लोकांची तपासणी निगेटिव्ह आली. दुसऱ्या गटात ५ जणांची, म्हणजे २०.८ टक्के लोकांची. ६२ विरुद्ध २१, हे आकडे ऐकून कोणालाही वाटेल की प्रश्न मिटला.

आमच्या मते तो मिटला नाही. त्याची कारणे अशी.

पहिले कारण म्हणजे गट फार लहान आहेत. १६ जणांच्या गटात एक माणूस इकडचा तिकडे झाला की टक्केवारी सव्वासहाने हलते. वृत्तपत्रात टक्के छापले जातात, माणसे छापली जात नाहीत. त्यामुळे ही गोष्ट वाचकाच्या लक्षात येत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. येथे मोजले गेले ते विषाणूची तपासणी निगेटिव्ह येणे. रुग्णाला बरे वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. मुळात हे लोक फारसे आजारी नव्हतेच. तेव्हा 'ड जीवनसत्त्वाने रुग्ण लवकर बरे झाले' हे विधान या प्रयोगातून निघतच नाही.

तिसरे, त्याच शोधनिबंधात निगेटिव्ह होण्यास लागलेला सरासरी काळही दिला आहे. तो दोन्ही गटांत १७.६ दिवस आहे. ६२ आणि २१ हे आकडे सर्वदूर गेले. १७.६ आणि १७.६ हे आकडे फारसे कोणी सांगितले नाहीत.

याचा अर्थ संशोधकांनी काही लपवले असा मुळीच नाही. त्यांनी आकडे स्वच्छ मांडले. साथीच्या धामधुमीत ४० लोकांचा का होईना, रीतसर प्रयोग करणे हे कौतुकाचेच काम. आमचा आक्षेप आहे तो त्या छोट्या प्रयोगाला मोठ्या घोषणेचे रूप देणाऱ्यांवर.

स्पेनमधील दोन उदाहरणे

असाच प्रकार स्पेनमध्ये घडला. कॉर्डोबा येथील रुग्णालयात ७६ रुग्णांवर २०२० साली प्रयोग झाला. औषध मिळालेल्या ५० पैकी एकाला अतिदक्षता विभागात न्यावे लागले. औषध न मिळालेल्या २६ पैकी १३ जणांना न्यावे लागले. फरक थक्क करणारा आहे. पण मूळ गटच सारखे नव्हते. औषध न मिळालेल्या गटात उच्च रक्तदाबाचे रुग्ण सुमारे ५८ टक्के होते, दुसऱ्या गटात २४ टक्के. मधुमेही १९ टक्के विरुद्ध ६ टक्के. प्लासिबोही दिलेला नव्हता. वापरलेले औषध कॅल्सिफेडिओल होते, आपल्या दुकानात मिळणाऱ्या पुडीतले कोलेकॅल्सिफेरॉल नव्हे. एक शर्यत लावावी, एका संघात निम्म्याहून अधिक मुले लंगडणारी घ्यावीत आणि मग दुसऱ्या संघाच्या बुटांचे कौतुक करावे, तसे हे झाले.

बार्सिलोनातून आणखी एक निबंध पूर्वप्रसिद्धी रूपात आला आणि जगभर गाजला. तेथे रुग्णांची नव्हे, तर वॉर्डांची वाटणी झाली होती. एका वॉर्डला औषध, दुसऱ्याला नाही. मग फरक औषधाचा की वॉर्डचा? शंका उपस्थित झाल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो निबंध त्या संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला. पण तोवर त्याची बातमी सर्वत्र पोहोचली होती. निबंध मागे घेता येतो, बातमी मागे घेता येत नाही.

मोठ्या प्रयोगांनी काय सांगितले?

आता 'बरे होणे' हीच गोष्ट मोजणारे काही प्रयोग पाहू.

ब्राझीलमधील साव पावलो येथे कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे २४० रुग्णांना एकदाच २,००,००० युनिट किंवा प्लासिबो देण्यात आले. औषध घेतलेल्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी मिलिलिटरमागे २१ नॅनोग्रॅमवरून ४४ वर गेली, म्हणजे औषध शरीरात नीट पोहोचले. पण रुग्णालयातला मुक्काम? दोन्ही गटांत मध्यक ७ दिवस. हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला.

कोविडच्या आधीचे प्रयोगही पाहण्यासारखे आहेत. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे ३२२ निरोगी प्रौढांना दीड वर्ष दरमहा ड जीवनसत्त्व किंवा प्लासिबो दिले गेले. २०१२ साली निष्कर्ष आला. सर्दी-पडशाची सरासरी संख्या माणशी ३.७ विरुद्ध ३.८, आणि एकेक आजारपण दोन्ही गटांत सरासरी १२ दिवसांचे. काबूलमध्ये न्यूमोनिया झालेल्या ४५३ बालकांना उपचारासोबत १,००,००० युनिटची एक मात्रा दिली, त्याचा निष्कर्ष २०१० साली आला. बरे होण्यास लागलेले दिवस ४.७४ विरुद्ध ४.९८, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही. पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा न्यूमोनिया होण्याचे प्रमाण मात्र औषधाच्या गटात कमी दिसले, ४५ टक्के विरुद्ध ५८ टक्के. आशा वाढली. म्हणून काबूलमध्येच ३,००० हून अधिक बालकांवर मोठा प्रयोग झाला. २०१२ साली त्याचे उत्तर आले, की न्यूमोनिया टाळण्यास त्याचा उपयोग झाला नाही. त्याच वर्षी दिल्लीतील २०० बालकांवरील प्रयोगही प्रसिद्ध झाला. गंभीर न्यूमोनियातून सावरण्यास ड जीवनसत्त्व घेतलेल्यांना ७२ तास आणि प्लासिबो घेतलेल्यांना ६४ तास लागले. हाही फरक योगायोगाच्या मर्यादेतला.

लहान प्रयोगात आशा दिसते आणि मोठ्या प्रयोगात ती विरते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आजार टाळण्याचे काय?

येथे एक भेद नीट करायला हवा. आजार झाल्यावर लवकर बरे होणे वेगळे आणि आजार मुळात होऊ न देणे वेगळे. दुसऱ्या मुद्द्यावर ड जीवनसत्त्वाची बाजू थोडी बरी आहे, आणि ती मांडली नाही तर आमची टीका एकांगी ठरेल.

जगभरातील प्रयोग एकत्र करून काढलेला हिशेब २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात २५ प्रयोग आणि सुमारे ११,००० माणसे होती. श्वसनाचे आजार होण्याचे गुणोत्तर ०.८८ आले. १ म्हणजे काहीच फरक नाही. त्याहून खाली म्हणजे फायदा. ज्यांच्यात कमतरता तीव्र होती आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला छोटी मात्रा घेतली, त्यांना फायदा अधिक दिसला. एकदम मोठी मात्रा घेणाऱ्यांना तो दिसला नाही. २०२१ साली आणखी प्रयोग मिळवून हिशेब पुन्हा झाला तेव्हा गुणोत्तर ०.९२ झाले. २०२५ साली ते ०.९४ वर आले, आणि हा फरक योगायोगाने पडला नसेल असे आता संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता येत नाही. मधल्या काळात २०२२ साली ब्रिटनमध्ये ६,२०० प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज ३,२०० युनिट देऊ केलेल्या गटात ५.७ टक्के, ८०० युनिटच्या गटात ५.० टक्के आणि काहीच न देऊ केलेल्यांत ४.६ टक्के लोकांना श्वसनाचा आजार झाला.

दुसरीकडे २०२४ साली अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेने १ ते १८ वर्षांच्या मुलांना ड जीवनसत्त्व देण्याची सूचना केली. मुडदूस टाळणे हे एक कारण आणि श्वसनाचे आजार कमी होण्याची शक्यता हे दुसरे. पण ही सूचना रोजच्या बेताच्या मात्रेची आहे, प्रतिबंधासाठी आहे. खोकला सुरू झाल्यावर साठ हजारांची पुडी फोडण्याला तिचा आधार मिळत नाही.

घेतले तर बिघडले काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल, उपयोग नसेल तर नसो, अपाय तरी काय? थोडे गणित करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी रोजची गरज ६०० युनिट ठरवली. म्हणजे एक पुडी ही १०० दिवसांची गरज. सात दिवस रोज एक पुडी म्हणजे ४,२०,००० युनिट, जवळजवळ दोन वर्षांची बेगमी. डॉक्टर अनेकदा 'आठवड्यातून एक' असे लिहून देतात. तेच घरी 'रोज एक' होते, आणि बरे वाटले की चालूच राहते. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते आणि शरीरात साठून राहते. जादा झालेले क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, तसे याचे होत नाही. अतिरेक झाला की रक्तात कॅल्शियम वाढते. तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढील २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिट किंवा प्लासिबो दिले होते. हाडे मोडू नयेत हा हेतू होता. २०१० साली दिसले ते उलटेच. औषध घेतलेल्या स्त्रिया अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडे अधिक मोडली.

आणि एक अपाय डोळ्यांना न दिसणारा आहे. पुडी दिली म्हणजे उपचार झाला, असे समाधान वाटते. मग मुलाला धाप लागते आहे, ओठ निळसर पडत आहेत, तो पाणीही घेत नाही, याकडे लक्ष उशिरा जाते.

ज्यांना डॉक्टरांनी तपासून ड जीवनसत्त्व सुरू केले आहे त्यांनी हा लेख वाचून ते बंद करू नये. मुडदूस, हाडांचा ठिसूळपणा, तान्ही बाळे, घरातच असणारे वृद्ध यांच्यासाठी त्याचे मोल निर्विवाद आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा विषय शिक्षकांना दोन सुंदर पाठ देऊन जातो.

पहिला पाठ योगायोगाचा. ४० चिठ्ठ्या करा. १५ चिठ्ठ्यांवर 'निगेटिव्ह' लिहा, कारण चंडीगडच्या प्रयोगात १० आणि ५ मिळून तेवढेच लोक निगेटिव्ह झाले होते. चिठ्ठ्या कालवून १६ उचला आणि त्यांत 'निगेटिव्ह' किती ते मोजा. सरासरीने ६ यायला हव्यात. पण कधी ४ येतील, कधी ८. येथे कोणतेही औषध नाही, तरी फरक पडतोच. १० किंवा अधिक येणे विरळा, साधारण शंभरात एकदा. मग मुलांना विचारा, जगभर एकाच वेळी असे शंभर छोटे प्रयोग चालू असतील तर त्यांतल्या कोणत्या प्रयोगाची बातमी होईल?

दुसरा पाठ सावलीचा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा उन्हातील जंबुपार किरण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके असतात, असा एक ढोबळ नियम आहे. छत्रपती संभाजीनगरचे अक्षांश सुमारे १९.९ अंश उत्तर. २२ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य येथे क्षितिजापासून ४६.७ अंश वर असतो. दीड मीटर उंचीच्या मुलाची सावली तेव्हा सुमारे १४१ सेंटिमीटर पडते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही आपल्याकडे हे काम होऊ शकते. त्याच दिवशी लंडनमध्ये त्या मुलाची सावली साडेपाच मीटर असते. आपले मध्यान्ह मात्र घड्याळाच्या बारा वाजता नसते, त्या दिवशी ते सुमारे १२ वाजून २७ मिनिटांनी येते. १९-२० मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सकाळी सव्वानऊलाच सावली उंचीएवढी झालेली असते, म्हणून दुपारच्या रणरणत्या उन्हात उभे राहण्याची गरज नाही. उलट भल्या सकाळच्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते या समजुतीत मात्र फारसे तथ्य नाही. प्रार्थनेच्या वेळी मैदानावर पडणाऱ्या लांबच लांब सावल्याच ते सांगतात.

मुले खेळाच्या तासाला बाहेर पडली, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात वावरली, तर त्यांच्या हाडांचे भले होईल. त्यासाठी दुकानात जावे लागत नाही. सर्दी मात्र पुडी घेतली तरी सात दिवसांनी जाईल, न घेतली तरी आठवड्याने. पालकांनी विचारले तर त्यांना एवढे सांगावे. तापात मुलाला विश्रांती आणि पाणी द्या, श्वासावर लक्ष ठेवा, धाप लागली तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्या, आणि साठ हजारांची पुडी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय फोडू नका.